अल्गॉन्क्विनला कनू घेऊन आत जाताय? मग बॅगा अशा भरा

दरवर्षी मे महिना आला की ओळखीतलं कोणी ना कोणी फोन करतं, की आम्ही यंदा अल्गॉन्क्विनला आत कनूने जातोय, काय काय घेऊ गं? (कनू म्हणजे पॅडलने, वल्ह्याने चालवायची लांब अरुंद होडी.) मी तासभर बोलते आणि तरी निम्मं सांगायचं राहूनच जातं, म्हणून यावेळी सगळं एकदाच नीट लिहून काढतेय. आम्ही कॅनडात टोरोंटोच्या जवळ राहतो, तिथून अल्गॉन्क्विन पार्क साधारण तीन तासांवर, आणि गेली बारा वर्षं मी आणि नवरा दर उन्हाळ्यात निदान एकदा तरी आत जाऊन येतो. पुढे जे लिहिलंय ते दोन माणसं, तीन-चार रात्री, जून ते सप्टेंबर असं धरून लिहिलंय.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. हायवे ६०च्या कडेला गाडी लावायची, गाडीशेजारीच तंबू ठोकायचा, ते कॅम्पिंग वेगळं. तिथे डिकीत मावेल ते न्या, कूलर न्या, खुर्च्या न्या, काही बिघडत नाही. मी बोलतेय ते 'इंटिरियर'बद्दल, म्हणजे गाडी पार्किंगमध्ये सोडायची, सगळं सामान कनूत टाकायचं आणि तळ्यातून तळ्यात पुढे जायचं. अल्गॉन्क्विन १८९३ साली झालेलं पार्क आहे, साडेसात हजार चौरस किलोमीटरपेक्षा मोठं, आत दोन हजारांच्या वर तळी आहेत आणि एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात जायला मध्ये जंगलातली पायवाट असते, तिला पोर्टेज म्हणतात. पिवळी पाटी दिसली की कनू काठाला लावायची, सामान पाठीवर घ्यायचं, कनू उलटी करून खांद्यावर घ्यायची आणि चालायला लागायचं. सगळं घोडं अडतं ते इथेच.

आमची पहिली ट्रिप. 'कनू लेक' नावाच्या तळ्यावरून निघालो, तासाभरात 'जो लेक' या पुढच्या तळ्याच्या पोर्टेजला पोचलो. नकाशात लिहिलेलं २९५ मीटर, म्हटलं हे काय, आपण हरिश्चंद्रगड चढलोय, राजगड चढलोय, तीनशे मीटर सपाट वाट म्हणजे काहीच नाही. आणि मग कनूतून सामान बाहेर काढायला लागलो. दोन सॅक, एक कूलर, किराणाच्या दोन पिशव्या, कंदील, दोन कॅरीमॅट बाहेर लटकत असलेल्या, पाण्याचा कॅन, एक घडीची खुर्ची, पॅडल, लाइफजॅकेट, चपला. वाटेवरून मागून येणारे लोक आमच्या पसाऱ्याला वळसा घालून जात होते. एका फेरीत नेता येईना, दोन फेऱ्यांतही येईना, शेवटी तीन फेऱ्या केल्या. हिशेब करा, तीन फेऱ्या म्हणजे जा, परत ये, जा, परत ये, जा, अशी तीच वाट पाच वेळा. २९५चे झाले १४७५ मीटर, म्हणजे जवळजवळ दीड किलोमीटर, आणि त्यातही बोटांना पिशव्यांचे बंद कापत होते आणि डास मारायला हात रिकामा नव्हता.

त्या वर्षी दिवाळीत एका काकांकडे गेलो होतो, ते इथे चाळीस वर्षं आहेत आणि त्यातली तीस तरी कनूत काढलीत. त्यांना हे सांगितलं तर त्यांनी एकच विचारलं, "अगं, पोर्टेजवर तुझ्या हातात काय होतं?" म्हटलं बरंच काय काय होतं. म्हणाले, "मग बॅग भरलीच नव्हती तू. हातात काही राहता कामा नये. दोन माणसं, तीन बॅगा, एक कनू, बस्स." तेव्हापासून आम्ही बॅगा तशाच भरतो. सामानाची यादी नेटवर कुठेही मिळते, पण ते सामान कशात जाणार आणि पोर्टेजवर कोणाच्या पाठीवर असणार हे यादीत नसतं, आणि खरं काम तेच आहे.

तीन बॅगा कुठल्या

पहिली मोठी कॅम्पची बॅग, दुसरी खाण्याचा बॅरल, तिसरी कपड्यांची बॅग. बाकी जे काही आहे ते या तिन्हींच्या पोटात जायला हवं, बाहेर लटकणारं काही नाही. लटकलेली वस्तू फांदीत अडकते, चिखलात पडते, आणि कनूतून चढता-उतरताना नेमकी तीच विसरते.

कॅम्पच्या बॅगेत तंबू, टार्प (म्हणजे वर ताणून बांधायची हलकी ताडपत्री), दोऱ्या, दोन मॅट, घडीची करवत आणि दुरुस्तीचं सामान. ही १०० ते ११५ लिटरची कनू पॅक असली तर उत्तम, म्हणजे एकच मोठा कप्पा असलेली पोत्यासारखी बॅग, पट्टे रुंद. आपली ट्रेकिंगची सॅक चालते, पण ती उंच आणि अरुंद असते, कनूत नीट बसत नाही आणि कनू डोक्यावर घेतली की सॅकचं वरचं टोक मध्येमध्ये येतं. पहिल्यांदाच जात असाल तर विकत काही घेऊ नका, आउटफिटरकडे, म्हणजे असं सामान भाड्याने देणाऱ्या दुकानात, कनूबरोबर बॅगही मिळते.

बॅरल म्हणजे निळा प्लास्टिकचा पिंप, ३० लिटर आणि ६० लिटर अशा दोन मापांत मिळतो, झाकणाला धातूची कडी असते आणि पाठीवर घ्यायला वेगळा हार्नेस लागतो. दोन माणसांना चार रात्रींसाठी ३० लिटर पुरतो. ६० लिटरचा घेऊ नका, कारण जागा आहे म्हटलं की आपण ती भरतोच आणि मग तो उचलायला दुसऱ्या माणसाने मागून धरावा लागतो.

कपड्यांच्या बॅगेत दोघांचे कपडे, दोन्ही स्लीपिंग बॅगा, औषधं. आमच्या तिन्ही बॅगा मिळून ४० ते ४५ किलो भरतात. केव्हलार या हलक्या, मजबूत धाग्याची कनू घेतली तर ती साधारण २० किलोची, अ‍ॅल्युमिनियमची ३०च्या पुढे. भाडं जास्त पडतं केव्हलारचं, पण रस्त्यात पोर्टेज असतील तर तिथे पैसे वाचवू नका, हे मी अगदी कळकळीने सांगते. पहिल्या फेरीत नवरा कनू घेतो, पॅडल आतच बांधलेली, मी कपड्यांची बॅग घेते. दुसऱ्या फेरीत तो कॅम्पची बॅग, मी बॅरल. संपलं. २९५ मीटर तीन वेळा चालायचं, त्यातली मधली खेप मोकळ्या हाताने, तेव्हा जंगल बघता येतं.

पोर्टेजच्या काठावर एक शिस्त पाळा, सामान उतरवलं की लगेच वाटेच्या एका बाजूला घ्या. मागून येणाऱ्याच्या डोक्यावर कनू असते, त्याला समोरचं दोन पावलांपलीकडे फारसं दिसत नाही.

पाणी खालून येतं

हे आपल्या सह्याद्रीत ट्रेक केलेल्या लोकांना मुद्दाम सांगावं लागतं. आपल्याला पावसाची सवय आहे, सॅकवर रेनकव्हर चढवलं की झालं असं वाटतं. पण कनूत पाऊस वरून पडतो आणि साठतो तळाशी, शिवाय पॅडलवरून गळणारं पाणी, चढता-उतरताना बुटांतून येणारं पाणी, हे सगळं तळाशी जमतं आणि बॅग तासन् तास त्यात बसून राहते. रेनकव्हर वरून असतं, पाठीकडची आणि बुडाची बाजू उघडी. आमच्या दुसऱ्या ट्रिपला, सप्टेंबरचा शेवटचा आठवडा, दिवसभर रिपरिप चालू होती, संध्याकाळी तंबू लावला, बॅग उघडली तर वरचे कपडे कोरडे ठणठणीत आणि तळाशी ठेवलेली माझी स्लीपिंग बॅग पिळून काढावी इतकी ओली. रात्री पारा पाचच्या खाली होता. एकच स्लीपिंग बॅग उघडून दोघांनी अंगावर घेतली, असतील नसतील ते कपडे घातले आणि उजाडायची वाट बघत बसलो, मला दातावर दात आपटत होते ते थांबवता येत नव्हतं. अंग ओलं आणि थंड राहणं किती धोक्याचं असतं ते त्या रात्री कळलं.

उपाय स्वस्तातला आहे. हार्डवेअरच्या दुकानात बांधकामवाल्यांच्या जाड कचऱ्याच्या पिशव्या मिळतात, तीन मिलच्या (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग), स्वयंपाकघरातल्या पातळ नाही. बॅग रिकामी असताना ती पिशवी आतून अस्तरासारखी उघडून बसवायची आणि मग सामान त्यात भरायचं. भरून झालं की वर गुडघा दाबून हवा काढायची, तोंड एकत्र धरून दोरी वळल्यासारखा पीळ द्यायचा, पीळ पक्का झाला की तो मधे दुमडून हंसाच्या मानेसारखा खाली वाकवायचा आणि त्यावर रबर किंवा दोरी आवळायची. नुसती गाठ मारू नका, गाठीतून पाणी झिरपतं आणि उघडताना पिशवी फाटते. आणि स्लीपिंग बॅगा, झोपायचे कपडे या दोन गोष्टी त्याच्याही आत वेगळ्या ड्राय बॅगेत, म्हणजे पाणी आत न शिरणाऱ्या पिशवीत. ड्राय बॅगचं तोंड निदान तीनदा गुंडाळायचं, मग क्लिप. बरोब्बर गुंडाळलीय का हे बघायला तिला मांडीवर घेऊन उशीसारखी दाबा, हवा सुस्कारत बाहेर आली तर पाणीही आत जाणार. या पिशव्या दोन जास्तीच्या घ्या, वजन काहीच नाही.

कपड्यांचं मी लांबवत नाही. एक ओला जोड, एक सुका जोड. ओला दिवसा घालायचा, तो भिजणारच आहे, संध्याकाळी तंबूत शिरताना सुका घालायचा आणि सकाळी पुन्हा तो ओलाच जोड अंगावर चढवायचा. सकाळी गार ओली पँट घालणं जिवावर येतं, तरी घालायची, कारण सुका जोड एकदा भिजला की तुमच्याकडे काही उरत नाही. जीन्स आणि सुती टी-शर्ट घरी ठेवा, वाळत नाहीत. पातळ लोकरीचं किंवा पॉलिएस्टरचं घ्या, एक फ्लीस, एक चांगलं रेनजॅकेट आणि रेनपँट, जुलैतसुद्धा लोकरीची टोपी आणि सुक्या मोज्यांचे दोन जोड. बुटांचंही तसंच, पाण्यात जायला जुने स्पोर्ट्स शूज, लेस घट्ट बांधता येतील असे, आणि कॅम्पवर घालायला हलके कोरडे काहीतरी. चपला घालून पोर्टेज करू नका, वाटेवर मुळं आणि दगड आहेत आणि पाठीवर २० किलो.

बॅरलमध्ये काय भरायचं

इथे मला बोलायला आवडतं. आधी नियम, आतल्या भागात डबाबंद पदार्थांचे टिन आणि काचेच्या किंवा प्लास्टिकच्या विकतच्या बाटल्या न्यायला बंदी आहे. म्हणजे छोल्यांचा टिन नाही, लोणच्याची काचेची बरणी नाही, कोकची बाटली नाही. पुन्हा वापरायची पाण्याची बाटली, औषधं, स्टोव्हचा गॅस, डासांचं औषध हे चालतं. आणि जे नेलं त्याचा कागदन् कागद परत आणायचा.

लोक काय करतात, बाजारात मिळतात ती वाळवलेल्या जेवणाची महागडी पाकिटं घेतात आणि मग तिसऱ्या दिवशी त्यांना ते गिळवत नाही. अहो, आपल्याकडे तर हलकं, टिकाऊ, पटकन होणारं खाणं पिढ्यान् पिढ्या आहे. कुळथाचं पीठ, भाजणी, मेतकूट, सातूचं पीठ, पोहे, शेंगदाण्याची चटणी, गुळाची चिक्की. हे सगळं कोरडं, फ्रीज नको, वजनाला कमी आणि पोटाला आधार.

माझं ठरलेलं आहे, दुसऱ्या रात्री कुळथाचं पिठलं. घरीच कढईत तेलावर मोहरी, हिंग, सुकी मिरची आणि भरपूर लसूण पार कुरकुरीत होईपर्यंत परतायचा, लसणात पाणी राहिलं तर टिकणार नाही, मग त्यातच कुळथाचं पीठ घालून मंद आचेवर भाजायचं, मीठ, तिखट, पूर्ण गार झालं की झिपलॉकच्या पिशवीत, वर दोन आमसुलं. पिशवीवर मार्करने लिहायचं, 'पिठलं, २ माणसं, ३ कप पाणी'. हे लिहायचं विसरू नका, दमलेल्या माणसाला अंधारात काही आठवत नाही. तिकडे गेल्यावर एका माणसाला तीन मोठे चमचे पीठ आणि दीड कप पाणी, गार पाण्यातच गुठळ्या मोडून घ्यायच्या, मग स्टोव्हवर सारखं ढवळत पाच-सात मिनिटं. तळ्यावर धुकं उतरलेलं, अंग आंबलेलं, आणि हातात गरम पिठल्याचा कप, त्यासाठीच मी जाते असं म्हटलं तरी चालेल.

भाताला गॅस फार लागतो, म्हणून तांदूळ अर्धा तास भिजवायचे, एक चांगली उकळी आणायची, दोन-तीन मिनिटं ठेवून गॅस बंद, झाकण घट्ट आणि भांडं फ्लीसमध्ये गुंडाळून पंधरा मिनिटं बाजूला. आतल्या वाफेवर होतो. मूगडाळ-तांदळाची खिचडी करायची असेल तर डाळ आधी भाजून घरीच मिक्सरवर भरडून न्या. सकाळी मेतकूट-भात किंवा दडपे पोह्यांसारखे नुसते भिजवलेले पोहे, चटणी, वर तूप. तूप छोट्या घट्ट झाकणाच्या डब्यात. भाजणीची थालीपीठं शेवटच्या सकाळी, कारण त्याला तवा, तेल आणि वेळ तिन्ही लागतं. पहिल्या रात्रीसाठी मात्र घरचं शिजवलेलं काहीतरी फ्रीझरमध्ये दगड करून न्या, दिवसभरात हळूहळू सुटतं आणि बाकीचं सामानही गार राहतं.

पिशव्या दिवसाप्रमाणे भरा, प्रकाराप्रमाणे नाही. म्हणजे सगळे मसाले एकत्र, सगळे पोहे एकत्र असं नको. दुसऱ्या दिवसाची एक मोठी पिशवी, तिच्यात त्या दिवसाचा नाश्ता, दुपारचं, रात्रीचं. शेवटचा दिवस तळाशी, पहिला वर. दुपारचं न शिजवता खाता येईल असंच ठेवा, लाडू, चटणी-चपाती, सुकामेवा. आणि एका जेवणाचं जास्तीचं घ्या, वारा सुटला तर एक दिवस अडकून पडता येतं.

भांडी कमी न्या. एक दीड-दोन लिटरचं पातेलं, एक लहान तवा, दोन कप, दोन चमचे, एक चाकू. छोटा गॅस स्टोव्ह आणि २३० ग्रॅमचं सिलिंडर आम्हाला चार दिवस दोघांना पुरतं, चहा धरून. पाण्याची काळजी घ्यायला हवी, तळ्याचं पाणी कितीही स्वच्छ दिसलं तरी त्यात जिआर्डिया हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो, पोट बिघडलं तर आत डॉक्टर नाही. फिल्टर न्या किंवा पाणी चांगलं एक मिनिट खळखळून उकळा. आम्ही झाडाला टांगायचा पिशवीचा फिल्टर वापरतो, गाळायला उभं राहावं लागत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात रात्री फिल्टर स्लीपिंग बॅगेत घेऊन झोपा, आत पाणी गोठलं की त्याच्या नळ्या फुटतात आणि वरून काही कळत नाही.

अस्वल

अल्गॉन्क्विनमध्ये काळी अस्वलं आहेत, ती बहुतेक वेळा माणसापासून लांबच राहतात, पण खाण्याचा वास आला तर येतात, आणि एकदा एका अस्वलाला कॅम्पवरच्या खाण्याची चटक लागली की शेवटी जीव त्या अस्वलाचाच जातो. म्हणून हे मनावर घ्या. निळा बॅरल वास बराच अडवतो पण अस्वलापुढे तो टिकत नाही, तो टांगावाच लागतो. आणि बॅरलमध्ये फक्त खाणं नाही, वास येणारं सगळं जातं, टूथपेस्ट, साबण, लिप बाम, सनस्क्रीन, कचऱ्याची पिशवी, आणि ते सामान ठेवलेलं रिकामं पाकीटसुद्धा. तंबूत बिस्किटाचा तुकडाही नको.

साधारण १५-२० मीटरची ६ मिलिमीटर जाडीची दोरी, एक कॅराबिनर (उघडझाप होणारी धातूची कडी) आणि एक छोटी कापडी थैली एवढं घ्या. थैलीत मुठीएवढा दगड, दोरी थैलीला बांधायची, दोरीचा बाकी गुंडाळा पायाशी मोकळा सोडायचा आणि खालून वर झोका देऊन फांदीवरून थैली पलीकडे टाकायची. बॅरल जमिनीपासून ४ मीटर वर आणि खोडापासून निदान २ मीटर लांब लटकायला हवा. अशी फांदी शोधणं हे खरं काम आहे, म्हणून कॅम्पवर पोचल्या पोचल्या, उजेड असतानाच शोधा आणि दोरी टाकून ठेवा. जेवण झाल्यावर टॉर्चच्या उजेडात वर बघत दगड फेकणं मी केलंय, दगड परत खाली येतो आणि कुठे येतो ते दिसत नाही.

किडे

मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत ब्लॅक फ्लाय या चावणाऱ्या बारीक काळ्या माश्या, त्यानंतर डास, जुलैत डीअर फ्लाय या चावणाऱ्या मोठ्या माश्या. पहिली ट्रिप ऑगस्टच्या शेवटी करा, सगळं सोपं होतं. जूनमध्येच जायचं असेल तर फिकट रंगाचे लांब बाह्यांचे कपडे घ्या, गडद निळ्या-काळ्या रंगावर ब्लॅक फ्लाय जास्त येतात, आणि डोक्यावरून घ्यायची जाळी घ्याच. डासांच्या औषधात इथे मोठ्यांसाठी ३० टक्क्यांपर्यंत डीट हे किडे दूर ठेवणारं रसायन असतं, पण डीटने चष्म्याची फ्रेम, घड्याळाचा पट्टा, रेनजॅकेट खराब होतं, त्यामुळे आम्ही २० टक्के इकारिडिन या दुसऱ्या रसायनाचं वापरतो.

जीव वाचवणारं सामान

लाइफजॅकेट कनूत ठेवायचं नाही, अंगात घालायचं, चेन लावून. कायद्याने ते प्रत्येकासाठी कनूत असावं लागतं, पण पाण्यात पडल्यावर ते घालता येत नाही. मे-जूनमध्ये पाणी इतकं गार असतं की पोहता येणारा माणूससुद्धा काही मिनिटांत हातपाय हलवू शकत नाही. टॉम थॉमसन हा कॅनडाचा मोठा चित्रकार, कनू चालवण्यात मुरलेला, १९१७च्या जुलैमध्ये याच कनू लेकवर मरण पावला, त्याची कनू रिकामी सापडली. काठावर त्याचं स्मारक आहे, तिथून जाताना आम्ही दरवेळी थांबतो.

त्याशिवाय १५ मीटरची तरंगणारी दोरी, शिट्टी, पाणी उपसायचं भांडं, हे कायद्याने लागतं आणि बहुतेक आउटफिटर एका छोट्या डब्यात घालून कनूबरोबर देतात, निघताना उघडून खात्री करा. शिट्टी मात्र लाइफजॅकेटला बांधा, डब्यात असून उपयोग नाही. एक जास्तीचं पॅडल घ्या. आत बहुतेक ठिकाणी फोनला रेंज नाही, म्हणून कागदी नकाशा वॉटरप्रूफ पिशवीत आणि होकायंत्र. जमलं तर सॅटेलाइट मेसेंजर भाड्याने घ्या, विशेषतः मुलं बरोबर असतील तर.

औषधांत रोजच्या गोळ्या दोन ठिकाणी विभागून ठेवा, एक भाग कपड्यांच्या बॅगेत, एक अंगावर. बँडेज, भाजल्यावरचं मलम, अ‍ॅलर्जीची गोळी, दुखण्याची गोळी, ओआरएस, चिमटा. डक्ट टेप वेगळा रोल न नेता पाण्याच्या बाटलीभोवती दोन मीटर गुंडाळून ठेवा. लायटर तीन, तिन्ही वेगळ्या बॅगांत. हेडलॅम्प प्रत्येकाला एक.

न न्यायच्या गोष्टींत माझ्या मते पहिली कुऱ्हाड. करवतीने मनगटाएवढी वाळकी लाकडं कापली की शेकोटीला पुरतात आणि पाय शाबूत राहतो. घरून सरपणही नेऊ नका, त्यातून झाडांना मारणारे किडे पसरतात, तिथलंच खाली पडलेलं लाकूड वापरा. कूलर नको, कंदील नको, काचेचं काही नको, मोठा ब्लूटूथ स्पीकर तर अजिबात नको, संध्याकाळी लून पक्षी तळ्यावर ओरडतो तो ऐकायला मिळावा म्हणून तर इतक्या लांब जातो आपण, आणि पाण्यावरून आवाज पलीकडच्या काठापर्यंत जातो.

टार्प मात्र न्याच, १० बाय १२ फुटांचा. पाऊस आला की आधी टार्प लावायचा, मग त्याच्याखाली उभं राहून तंबूचा विचार करायचा.

कनूत कसं रचायचं

जड बॅग मध्यभागी, योकच्या (कनूच्या मधल्या, खांद्यावर घ्यायच्या आडव्या दांडीच्या) आगेमागे, बुडाला टेकलेली. उभी नाही, आडवी, काठाच्या वर येऊ द्यायची नाही. मागे बसणारा जास्त वजनाचा असेल तर बॅरल थोडा पुढे सरकवा. पाण्यात ढकलल्यावर बाजूने बघा, कनू जवळजवळ सपाट बसली पाहिजे, मागचा भाग केसभर खाली असला तर चालेल. समोरून वारा असेल तर पुढे थोडं जास्त वजन ठेवा, नाहीतर पुढचं टोक वाऱ्याने सारखं फिरतं. ओपिओंगोसारख्या मोठ्या तळ्यावर दुपारी लाटांवर पांढरा फेस दिसला की निघूच नका, पहाटे लवकर निघा, तेव्हा पाणी काचेसारखं असतं. दिवसा लागणारं, म्हणजे नकाशा, दुपारचं खाणं, रेनजॅकेट, सनस्क्रीन, हे बॅगांमध्ये वरच ठेवा म्हणजे मधेच सगळी पिशवी उपसावी लागत नाही.

आदल्या रात्री आणि आल्यावर

आदल्या रात्री सगळं भरून झालं की बॅगा पाठीवर घेऊन घराबाहेर एक चक्कर मारा, खरंच मारा, शेजारी बघत असले तरी. आम्ही कोपऱ्यावरच्या पोस्टाच्या पेटीपर्यंत जाऊन येतो, साधारण तीनशे मीटर होतं. हातात काही राहिलं असेल तर परत घरात जा आणि ते कशात तरी घाला किंवा घरी ठेवा. कुठल्या तळ्यावर कुठली रात्र हे परमिटवर असतं, त्याचा फोटो घरी राहणाऱ्या कोणालातरी पाठवा आणि कधी परत येणार ती वेळही कळवा. बुकिंग पाच महिने आधी सुरू होतं आणि उन्हाळ्यातले शनिवार-रविवार पटापट जातात, एका कॅम्पसाइटवर जास्तीत जास्त ९ जण, हे ग्रुपने जाणाऱ्यांनी आधीच बघून घ्या.

परत आल्यावर कितीही झोप आली तरी तंबू आणि टार्प त्याच रात्री गॅरेजमध्ये दोरीवर टाका, ओला गुंडाळून ठेवला तर आठवड्यात बुरशी धरतो. स्लीपिंग बॅगा पिशवीतून काढून मोकळ्या करा. बॅरल साबणाने धुवा आणि झाकण न लावता ठेवा, नाहीतर पुढच्या वर्षी उघडला की हिंगाचा वास येतो. आणि आमच्याकडे बॅरलच्या आतच एक कागद चिकटवलेला आहे, त्यावर त्या ट्रिपला कनूतून उतरवलं पण एकदाही वापरलं नाही असं जे जे होतं ते आंघोळीच्याही आधी लिहून टाकते. मागच्या वर्षी त्यावर दोनच गोष्टी होत्या, दुसरा चाकू आणि अर्धा किलो तांदूळ.